दमट हवा आणि स्फटिकातील शेजारी

मुंबईत पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता अनेकदा 80 टक्क्यांपलीकडे जाते, त्यामुळे गोळ्या हवाबंद पट्टीत का ठेवतात हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. पट्टी हा बाहेरचा उपाय झाला. औषधाच्या रेणूत कोणताही बदल न करता, स्फटिकात त्याच्या शेजारी दुसरा योग्य रेणू बसवूनही ओलाव्याला अटकाव करता येतो, आणि मला हा उपाय अधिक विलक्षण वाटतो.

काही वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला असणारे कॅफिन दमट हवेत पाणी सामावून घेते आणि त्याचे हायड्रेट (पाण्याचे रेणू सामावलेले स्फटिक) बनते. कॅफिनच्या रेणूत हायड्रोजन बंध (एका रेणूतील हायड्रोजन आणि दुसऱ्यातील नायट्रोजन किंवा ऑक्सिजन यांमधील ओढ) स्वीकारणारे नायट्रोजन व ऑक्सिजन अणू आहेत, पण असा बळकट बंध देऊ शकेल असा एकही हायड्रोजन नाही. साहजिकच पाण्याचा रेणू ही उणीव भरून काढतो आणि कॅफिनच्या पाच अणूंच्या वलयातील नायट्रोजनला बांधला जातो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये ती जागा ऑक्झॅलिक आम्लाला दिली. या आम्लाच्या दोन्ही टोकांना कार्बोक्झिल गट (एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा आम्लगट) असल्याने एक रेणू दोन कॅफिनना धरून ठेवतो, आणि हा सहस्फटिक (दोन वेगळ्या रेणूंचा मिळून झालेला स्फटिक) 98 टक्के आर्द्रतेत कित्येक आठवडे ठेवूनही त्याचे हायड्रेट झाले नाही. मॅलॉनिक व ग्लुटारिक आम्लांचे सहस्फटिक मात्र, बंध त्याच प्रकारचा असूनही, इतके टिकाऊ ठरले नाहीत. म्हणजे एका बंधावरून सगळ्या स्फटिकाचे भाकीत करणे धोक्याचे आहे. (ऑक्झॅलिक आम्ल गोळीत भरपूर घालण्याजोगेही नाही, त्याचेच कॅल्शियम संयुग अळूच्या खाजेला कारणीभूत असते आणि बहुतेक मूतखड्यांतही तेच सापडते.)

कोणते गट एकमेकांना सातत्याने धरतात, हे हेरून स्फटिकाची आखणी करण्याच्या विचाराला 1995 मध्ये ‘सुप्रामॉलिक्युलर सिंथॉन’ (रेणूंना जोडणारी गटांची ठरावीक जोडणी) या संकल्पनेने नेमके रूप दिले. ती मांडणारे रसायनशास्त्रज्ञ गौतम देसिराजू हे मुंबईच्याच सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे विद्यार्थी.

आम्ल आणि आम्लारी शेजारी आले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. आम्लाचा प्रोटॉन (हायड्रोजनचे केंद्रक) जागेवरच राहिला तर सहस्फटिक, पलीकडे गेला तर क्षार. आणि या दोहोंची विद्राव्यता व स्थिरता बरीच वेगळी असू शकते. दोघांच्या पीकेए मूल्यांतील (प्रोटॉन सोडण्याची प्रवृत्ती दाखवणाऱ्या आकड्यांतील) फरक साधारण 3 पेक्षा जास्त असेल तर क्षाराची अपेक्षा धरतात, पण 0 ते 3 या पट्ट्यात हा नियम फारसा भरवशाचा नाही. क्ष-किरणांनाही हा प्रोटॉन नीट दिसत नाही, कारण ते इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि हायड्रोजनपाशी एकच इलेक्ट्रॉन असतो. म्हणून संशोधक आडवाट धरतात आणि कार्बन-ऑक्सिजन बंधांची लांबी मोजतात. कार्बोक्झिल गट शाबूत असेल तर एक बंध सुमारे 1.21 आणि दुसरा 1.31 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) भरतो. प्रोटॉन गेला असेल तर दोन्ही 1.25 च्या आसपास येतात.