ऐंशी टक्के साम्य म्हणजे नेमके काय?

चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली वापरताना जुळणी झाली असे नेमके केव्हा मानले जाते, अशी विचारणा इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेने माहिती अधिकाराखाली दिल्ली पोलिसांकडे केली होती. २०२२ साली मिळालेल्या उत्तरानुसार, ८० टक्क्यांहून अधिक साम्य आढळले तर जुळणी खरी धरली जाते. साम्य त्याहून कमी असेल तर ती चुकीची समजली जाते, मात्र तेव्हाही इतर पुराव्यांचा आधार मिळतो का हे तपासण्याची वाट खुली राहते. हे वाचून सामान्य माणसाचा समज असा होतो की यंत्राने दहा वेळा बोट दाखवले तर आठ वेळा ते खऱ्या माणसाकडेच असते. ८० टक्के साम्याचा अर्थ तसा नाही, आणि या तंत्राबद्दलचे बरेचसे नैतिक प्रश्न याच गैरसमजाच्या आड दडलेले आहेत.

यंत्र चेहरा पाहते म्हणजे काय करते, हे आधी समजून घ्यायला हवे. छायाचित्रातून चेहऱ्याचा भाग वेगळा काढला जातो, तो सरळ करून ठरावीक आकारात बसवला जातो आणि मग लाखो छायाचित्रांवर प्रशिक्षित झालेले न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना, त्याचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत करते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या फेसनेट या पद्धतीत अशी मालिका १२८ आकड्यांची होती. प्रशिक्षणाचा हेतू असा की एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांच्या मालिका परस्परांच्या जवळ याव्यात आणि वेगवेगळ्या माणसांच्या दूर जाव्यात. हे अंतर मोजून, प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या सूत्राने त्याचे साम्याच्या गुणांत रूपांतर होते. त्यामुळे एका कंपनीचे ८० आणि दुसऱ्या कंपनीचे ८० यांची तुलनाही करता येत नाही. मग त्या आकड्याला खात्रीचे प्रमाण म्हणणे तर दूरच राहिले.

किती गुणांच्या पुढे ‘हा तोच माणूस’ म्हणायचे, हे यंत्र वापरणारी संस्था ठरवते. या सीमेला उंबरठा म्हणतात. तो कोळ्याच्या जाळ्याच्या विणीसारखा आहे: वीण बारीक ठेवली तर नको ते मासेही अडकतात, मोठी ठेवली तर हवे तेही निसटतात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारा उंबरठा व्यवहारात सापडत नाही. म्हणून एखाद्या निरपराध माणसाला थांबवले जाण्याचा धोका किती पत्करायचा आणि एखादा गुन्हेगार निसटण्याचा किती, हा निर्णय कोणीतरी घेतलेलाच असतो, मग त्याची चर्चा झालेली असो वा नसो.

याचे बोलके उदाहरण अमेरिकेत २०१८ मध्ये पाहायला मिळाले. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने अ‍ॅमेझॉनची रेकग्निशन ही प्रणाली घेतली, अटक झालेल्यांची २५,००० छायाचित्रे तिच्यात भरली आणि अमेरिकी काँग्रेसच्या सर्व सदस्यांचे चेहरे त्यांच्याशी ताडून पाहिले. प्रणालीने २८ लोकप्रतिनिधींची जुळणी अटक झालेल्या दुसऱ्याच कोणाशी तरी केली. यावर कंपनीचे म्हणणे असे होते की पोलिसी कामासाठी उंबरठा बराच वर, ९९ टक्क्यांवर, ठेवायला हवा होता. चाचणीतला उंबरठा होता ८०, आणि तो संस्थेने मुद्दाम खाली आणलेला नव्हता. प्रणालीत मुळात तोच लावून दिलेला होता.

उंबरठा वर नेला की प्रश्न सुटला, असेही नाही, कारण चुकांची संख्या शोधयादी, म्हणजे ज्यांच्याशी चेहरे ताडायचे त्यांची यादी, किती मोठी आणि समोरून किती माणसे जाणार यांवरही अवलंबून असते. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या प्रणालीची चाचणी ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने केली आणि २०२३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात, त्या प्रणालीच्या स्वतःच्या मापातल्या ०.६ या उंबरठ्यावर, शोधयादीत १०,००० चेहरे असताना, खोट्या इशाऱ्याचे प्रमाण कॅमेऱ्यासमोरून जाणाऱ्या ६,००० माणसांमागे एक इतके होते. यादी १,००० चेहऱ्यांची केली की तेच प्रमाण ६०,००० माणसांमागे एक झाले. सहा हजारांत एक ही चूक किरकोळ वाटते. पण समजा, दिवसाला सहा लाख माणसे ये-जा करणाऱ्या मुंबईतल्या एखाद्या रेल्वे स्थानकावर १०,००० चेहऱ्यांची यादी घेऊन ही प्रणाली याच अचूकतेने चालवली. रोज शंभर खोटे इशारे मिळतील. यादीतली दहा माणसे त्या दिवशी खरोखर तेथून गेली आणि त्यांतली नऊ यंत्राने पकडली असे मानले, तरी १०९ इशाऱ्यांपैकी खरे नऊच. यंत्र अचूक असूनही त्याने दाखवलेला माणूस बहुतेक वेळा चुकीचा असू शकतो, हे गणित न सांगता केवळ अचूकतेची टक्केवारी सांगणारी जाहिरात मी अर्धसत्य समजतो.

ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये हे प्रत्यक्ष घडले. २०१७ च्या जूनमध्ये तेथे युरोपीय चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला, शहरात सुमारे १,७०,००० लोक आले आणि साउथ वेल्स पोलिसांनी चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले. एकूण २,४७० इशारे आले. त्यांपैकी २,२९७ खोटे निघाले. पोलिसांनी निकृष्ट छायाचित्रांकडेही बोट दाखवले आणि ते खोटे नव्हते. यादीतली छायाचित्रे धूसर असणे ही मात्र पोलीस खात्यांतली नेहमीचीच स्थिती आहे.

चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत, हे आणखी गंभीर. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम, म्हणजे संगणकीय कार्यपद्धती, तपासले. एकास एक जुळणीत, म्हणजे दोन छायाचित्रे एकाच माणसाची आहेत का हे ताडताना, आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांबाबत खोट्या जुळणीचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत अल्गोरिदमनुसार दहा ते शंभर पट जास्त आढळले. चीनमध्ये विकसित झालेल्या काही अल्गोरिदममध्ये पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत हा फरक दिसला नाही. प्रशिक्षणाला कोणाचे चेहरे वापरले, याच्याशी या फरकाचा संबंध असावा असे त्यावरून दिसते. भारतातल्या विविध प्रांतांच्या आणि वर्णांच्या चेहऱ्यांवर एखादी प्रणाली कशी चालते, हे ती विकत घेण्यापूर्वीच तपासण्याची गोष्ट आहे.

‘अखेरचा निर्णय माणूसच घेतो’ हे या सगळ्यावरचे ठरलेले उत्तर. जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी एका कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या घरासमोर, बायकामुलींच्या देखत अटक केली आणि सुमारे तीस तास डांबून ठेवले. दुकानातील चोरीच्या धूसर चित्रफितीतला चेहरा त्याच्या वाहन परवान्याच्या जुन्या छायाचित्राशी यंत्राने जुळवला होता. त्यानंतर माणसाने तपासणी केली, नाही असे नाही. पण ओळख पटवणाऱ्या व्यक्तीने चोरी प्रत्यक्ष पाहिली नव्हती, केवळ तीच चित्रफीत पाहिली होती. यंत्र शोधून काढते तो चेहरा मुळातच आरोपीसारखा दिसणारा असतो, त्यामुळे तो माणसालाही फसवतो. या प्रकरणात २०२४ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार त्या शहरात आता केवळ अशा जुळणीच्या आधारे अटक करता येत नाही.

आपल्याकडे प्रश्न अचूकतेच्याही आधी सुरू होतो. दिल्ली पोलिसांनी ही प्रणाली घेतली ती हरवलेली मुले शोधण्यासाठी, उच्च न्यायालयातील एका प्रकरणाच्या निमित्ताने. पुढे ती आंदोलनांच्या आणि सभांच्या चित्रीकरणावर चालवली गेल्याच्या बातम्या आल्या, आणि मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की दिल्ली दंगलीतील अकराशेहून अधिक जणांची ओळख चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने पटवली असून, त्यासाठी मतदार ओळखपत्रांची आणि वाहन परवान्यांची माहिती वापरली. दंगलखोर शोधायला हवेत याबद्दल दुमत नाही. पण परवाना काढताना दिलेले छायाचित्र पोलिसांच्या शोधयादीत जाईल हे कोणालाही सांगितलेले नव्हते. शिवाय एवढ्या प्रचंड संग्रहात शोध घेतला की योगायोगाने सारखे दिसणारे चेहरे सापडण्याची शक्यता किती वाढते, हे वरच्या गणितावरून ताडता येईल.

विमानतळावर चेहरा दाखवून प्रवेश देणारी डिजियात्रा आणि रस्त्यावरचा कॅमेरा यांना म्हणूनच एका तराजूत तोलू नये. पुण्याच्या किंवा मुंबईच्या विमानतळावर प्रवासी स्वतः नोंदणी करतो आणि आपण तोच आहोत हे सिद्ध करतो. यंत्राने नाकारले तर ओळखपत्र दाखवून आत जाता येते. माहिती किती काळ ठेवली जाते, यासारखे प्रश्न तेथेही आहेत. पण रस्त्यावर संमती नसते आणि आपला चेहरा ताडला गेला हे कळतही नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. त्या हक्कावर मर्यादा आणायची तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय, या अटी पाळाव्या लागतात. चेहरा ओळखण्याच्या पोलिसी वापराचे नियमन करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही, म्हणजे पहिल्या अटीपाशीच अडचण येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून आशा होती, परंतु त्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी एखाद्या सरकारी यंत्रणेला अधिसूचनेद्वारे कायद्यातून सूट देऊ शकते.

कार्डिफच्या पोलिसांना एका नागरिकाने न्यायालयात खेचले, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा वापर बेकायदा ठरवला. कोणाला यादीत घालायचे आणि कॅमेरे कोठे लावायचे हे बव्हंशी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेले होते, हे एक कारण. दुसरे असे की प्रणाली वर्णावरून किंवा लिंगावरून भेदभाव करते का, याची पुरेशी खातरजमा पोलिसांनी केलेली नव्हती. प्रशिक्षणाला कोणते चेहरे वापरले ते कंपनीने व्यापारी गुपित म्हणून सांगितले नव्हते. गुपित जपणे समजू शकते, परंतु त्यामुळे पोलीस आपल्या कर्तव्यातून मोकळे होत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. बोटांचे ठसे, बुबुळे आणि चेहरा एकत्र साठवणारी अँबिस प्रणाली महाराष्ट्र पोलीसही वापरतात. तिच्या चेहऱ्याच्या जुळणीचा उंबरठा किती, तो कोणी आणि कोणत्या चाचणीनंतर ठरवला, आणि आजवर किती जुळण्या चुकीच्या निघाल्या, एवढे माहिती अधिकाराच्या एका अर्जात मावते.