पायबंद नसलेला मुलूख आणि सक्तीचा वाटाड्या

वायोमिंगच्या टेटन विल्डर्नेसमध्ये सप्टेंबर महिन्यात परराज्यातला एखादा गडी पाठीवर बिऱ्हाड टाकून एकटाच शिरला, तर त्याला कोणी अडवत नाही. तो मासे धरू शकतो. शॉटगन घेऊन ग्राउस, म्हणजे तिथला रानकोंबडीसारखा पक्षी, मारू शकतो. अस्वलांच्या मुलखात आठ दिवस तंबू ठोकून राहिला तरी त्याची खुशी. पण त्याच दरीत, त्याच दिवशी, एल्क या मोठ्या हरणाचा रीतसर परवाना खिशात ठेवून रायफल किंवा धनुष्य उचललं, तर सोबत परवानाधारक वाटाड्या नसणं हा गुन्हा ठरतो. १९७३ पासूनचा हा नियम तिथल्या रहिवाशांना लागू नाही. पश्चिम अमेरिकेतल्या ‘गाइडेड हंट’, म्हणजे पैसे घेऊन शिकाऱ्यांना शिकारीला नेण्याच्या धंद्याबद्दल आज जे वाद ऐकू येतात, त्यातले बरेचसे फिरून फिरून याच एका कलमापाशी येतात.

कलमाची सगळी भिस्त ‘विल्डर्नेस’ या शब्दावर आहे आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो. मराठीत आपण जंगल म्हणून मोकळे होतो, पण या मुलखाचा केवढा तरी भाग झाडांची रेघ संपल्यावर सुरू होतो. दहा-अकरा हजार फुटांवरचा ग्रॅनाइट, खुरटं गवत, ऑगस्टपर्यंत न वितळणारा बर्फ. ३ सप्टेंबर १९६४ च्या केंद्रीय कायद्याने या शब्दाला कायदेशीर हद्द दिली. पहिल्याच फटक्यात ५४ क्षेत्रं आणि सुमारे ९१ लाख एकर जमीन त्याखाली आली. रस्ता नाही, मोटार नाही, यांत्रिक करवत नाही, पुढे सायकलही नाही.

व्याख्येत एक विशेषण आहे, ‘अनट्रॅमल्ड’. घाईत वाचणारे ते ‘न तुडवलेलं’ असं वाचतात, पण तो शब्द वेगळा. ट्रॅमल म्हणजे मासे अडकवायचं जाळं आणि घोड्याला चाल शिकवताना त्याच्या पायांत घालायचं बंधन. म्हणजे आपला पायबंदच, अगदी मूळ तबेल्यातल्या अर्थाने. कायद्याला अभिप्रेत होतं ते माणसाने पायबंद न घातलेलं रान. गंमत अशी की या रानात रोज संध्याकाळी पायबंद घातले जातात ते शिकारी तांड्याच्या घोड्यांना, रातोरात वीस मैलांवरच्या गोठ्याची वाट धरू नये म्हणून.

विल्डर्नेसची ही रेघ ज्यांनी आखली त्यांच्या डोक्यात शिकाऱ्याच्या जिवाचा विचार नव्हता. लाकूडतोड, रस्ते आणि धरणं यांपासून काय वाचवायचं, एवढाच प्रश्न होता. नऊ वर्षांनी राज्याने ती आयती रेघ उचलली आणि तिच्यावर वाटाड्याची सक्ती बसवली. वायोमिंगमध्ये आज अशी १५ क्षेत्रं आहेत, मिळून सुमारे ३० लाख एकर. १९८४ मध्ये केंद्राने त्यांत मोठी भर घातली, तशी वाटाड्याच्या सक्तीची हद्दही वाढली. या रेघेच्या बाहेर तितकाच दुर्गम, बिनरस्त्याचा, ग्रिझली अस्वलांचा वावर असलेला मुलूख आहे. तिथे परराज्यातला शिकारी एकटा जाऊ शकतो.

सुरक्षेचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. सप्टेंबरच्या मध्यावर हिमवादळ येतं, मारलेल्या एल्कच्या आतड्यांच्या ढिगावर अस्वल येतं, आणि यलोस्टोनच्या दक्षिणेला थोरोफेअरमध्ये सर्वांत जवळचा मोटाररस्ता वीस मैलांहून लांब राहतो. २०१८ मध्ये टेटन विल्डर्नेसमध्येच मारलेल्या एल्कची खांडोळी चालू असताना ग्रिझलीने हल्ला केला. वाटाड्याचा जीव गेला, त्याचा पाहुणा म्हणजे गिऱ्हाईक शिकारी वाचला. पण राजधानी शायएनच्या सपाटीवर आयुष्य काढलेला कारकून रहिवासी म्हणून एकटा जाऊ शकतो आणि कोलोराडोचा कसलेला गिर्यारोहक जाऊ शकत नाही, याचं उत्तर सुरक्षेच्या मुद्द्यात सापडत नाही. मासे धरणाऱ्यालाही अस्वल तेवढंच चावतं.

कायद्याने एक खिडकी ठेवली आहे. राज्याचा रहिवासी फुकटचा ‘रहिवासी वाटाड्या’ परवाना काढून पाहुण्याला घेऊन जाऊ शकतो. त्याचा मोबदला घ्यायचा नाही, आणि वर्षात दोनच पाहुणे. भावजी किंवा जुना मित्र तिथे राहत असेल तर काम झालं. नसेल तर व्यावसायिकाकडे जायचं.

हा व्यावसायिक म्हणजे ‘आउटफिटर’. त्याला गाइड म्हणणं चूक. गाइड हा पगारी माणूस, पाहुण्यासोबत डोंगर चढणारा. आउटफिटर हा सरंजामाचा मालक. घोडी, खेचरं, तंबू, स्वयंपाकी त्याचे, गाइडही त्याच्याच हाताखालचे. राज्याचा धंद्याचा परवाना त्याच्या नावावर असतो. राष्ट्रीय वनात धंदा करायचा तर केंद्रीय वनखात्याची वेगळी परवानगी लागते. तिच्यात किती पाहुणे-दिवस (एक पाहुणा, एक दिवस) वापरायचे ते मोजून दिलेलं असतं. १९६४ च्या कायद्यानुसार विल्डर्नेसमध्ये व्यापारी सेवा चालते, पण ‘आवश्यक तेवढीच’. या दोन शब्दांवर किती घोडी, किती तळ आणि किती दिवस याची घासाघीस चालू असते. परवानगी विकता येत नाही. मात्र धंदा विकला की नव्या मालकाला ती बहुधा मिळते, त्यामुळे धंद्याच्या किमतीत तिची किंमत आपसूक मिसळलेली असते. शिकार विल्डर्नेसमधली आणि पाहुणा परराज्यातला असला की मामला सात-आठ आठवड्यांच्या हंगामावर वर्ष काढण्याचा होतो. एका आठवड्याच्या एल्क-शिकारीला हल्ली सात हजार डॉलरच्या पुढेच आकडा ऐकू येतो, परवान्याचे वेगळे.

पैसे कशाचे, हे तळ उठताना पाहिलं की कळतं. मोठा नर एल्क तीनशे किलोंच्या वर जातो. त्याचे चार फरे करून जाळीच्या पिशव्यांत भरतात आणि खेचराच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या पेट्यांत घालतात. पेटी चढवण्याआधी प्रत्येक ओझं स्प्रिंगच्या काट्याला लावतात. एका बाजूला दोन-तीन किलो जास्त झाले की चढावर खोगीर कलंडतं, आणि कलंडलेलं खोगीर पोटाखाली गेलेलं खेचर काय करतं ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा अंदाजाने वजन करत नाही. हलक्या बाजूला चक्क दगड घालतात. उरलेलं मांस अस्वलाच्या भयाने जमिनीपासून दहा फूट उंच आणि झाडाच्या बुंध्यापासून चार फूट लांब टांगायचं, तेही नियमानेच. सरपणासाठी दोघांनी ओढायची जुनी आडवी करवत.

याआधीचा इतिहास मोठा आहे, पण त्यातलं थोडंच इथे कामाचं. १८५४ ते १८५७ या काळात एका आयरिश जमीनदाराने पन्नासेक शिकारी कुत्रे, शंभरावर घोडे आणि नामांकित डोंगरी वाटाड्या घेऊन या भागात जी कत्तल केली, ती गाइडेड हंटची पहिली मोठी बदनामी. गवे सांगतात ते दोन हजार. पुढे रेल्वे आली, चामड्याचा बाजार आला, कळप संपले. एल्कचे दोन सुळे घड्याळाच्या साखळीत मिरवायची टूम निघाली, तेव्हा नुसत्या सुळ्यांसाठी एल्क मारून धड तिथेच टाकणारे निघाले. १९ वं शतक संपताना राज्याने परक्या शिकाऱ्यांवर जबर शुल्क आणि वाटाड्याची अट घातली ती या पार्श्वभूमीवर.

पण तिथे आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती सहसा शेवटच्या परिच्छेदात ढकलली जाते. बॅनक या मूळनिवासी जमातीच्या लोकांना अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८ च्या करारानुसार मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकारीचा हक्क होता. जुलै १८९५ मध्ये वायोमिंगमधल्या जॅक्सन होल खोऱ्याच्या वसाहतवाल्यांनी टोळी करून त्यांच्या एका जथ्याला पकडलं. बायका-मुलंही त्यात होती. पळण्याच्या गडबडीत गोळ्या झाडल्या गेल्या, एक वृद्ध मारला गेला. या वसाहतवाल्यांपैकी कितीतरी जण पूर्वेच्या आणि युरोपातल्या श्रीमंत शिकाऱ्यांना वाटाडेगिरी करून हिवाळा काढत होते. एल्क त्यांचं भांडवल होतं. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वायोमिंग राज्य झालं तेव्हाच करारातला हक्क संपला. ते तर्कट मोडायला २०१९ साल उजाडावं लागलं. क्रो या दुसऱ्या जमातीच्या करारावरच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी.

परक्या शिकाऱ्याच्या हक्काचं गणित त्याआधीच बसलं होतं. १९७६ मध्ये मॉन्टानात जे एकत्रित परवाने रहिवाशाला ३० डॉलरला मिळत, त्यासाठी बाहेरच्याला २२५ डॉलर मोजावे लागत. नुसता एल्क हवा असेल तर रहिवाशाला ९ डॉलर, बाहेरच्याला मात्र तोच २२५ चा गठ्ठा. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते मान्य केलं. एल्कची शिकार ही करमणूक आहे, उपजीविका नव्हे, हे कारण. वादींपैकी एक जण मॉन्टानाचाच आउटफिटर होता, म्हणजे ज्याची उपजीविकाच ती. १९८६ मध्ये वायोमिंगच्या न्यायालयाने विल्डर्नेसचं कलमही वैध ठरवलं.

अलास्काने वाट वेगळी धरली. तिथे सक्ती जमिनीवर नाही, जनावरावर आहे. तपकिरी अस्वल, डॉल मेंढा (पांढरा रानमेंढा) आणि डोंगरी बोकड यांच्यासाठी परराज्यातल्याला वाटाड्या हवाच, नाहीतर तिथे राहणारा जवळचा नातलग. मेहुणा चालतो, मामा चालत नाही. सुरक्षा हेच कारण असेल तर अस्वलाची यादी रेघेपेक्षा पटते, असं माझं मत. अर्थात मेंढ्यापासून कुणाला धोका, हे विचारायचं नाही. तिथे वाटाड्यांना वाटून दिलेली राखीव क्षेत्रं होती. वन्यजीव सर्वांच्या सामायिक वापरासाठी आहेत, या अलास्काच्या राज्यघटनेतल्या तरतुदीवर बोट ठेवून न्यायालयाने ती १९८८ मध्ये रद्द केली.

गेल्या पंधरा वर्षांत भांडण रेघेवरून परवान्यांच्या वाटणीवर सरकलं आहे. मॉन्टानात आउटफिटरच्या गिऱ्हाइकांसाठी ५,५०० परवाने बाजूला ठेवलेले असत. २०१० च्या जनमतात मतदारांनी ते काढून घेतले. न्यू मेक्सिकोत सोडतीतले ८४ टक्के परवाने रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरमार्फत येणाऱ्यांना आणि वाटाड्याशिवाय येणाऱ्या परक्यांना ६ टक्के, अशी कायद्यानेच वाटणी आहे. वायोमिंगने २०२२ मध्ये रानमेंढा, मूस (एल्कहूनही मोठं हरीण), बोकड अशा दुर्मिळ परवान्यांतले दहातले नऊ घरच्यांसाठी राखले आणि २०२४ पासून परक्यांच्या ‘विशेष’ एल्क परवान्याची किंमत १,९५० डॉलरवर नेली.

१९७३ चं कलम या सगळ्यात जागचं हललेलं नाही. सोडत काढणारं खातं परवाना देताना तुमच्याकडे वाटाड्या आहे का, हे विचारत नाही. काही शिकारक्षेत्रं जवळजवळ सगळीच विल्डर्नेसच्या आत आहेत. नंबर लागल्याच्या आनंदात नकाशा उघडला की ते दिसतं. मग आउटफिटरला फोन जातो, आणि चांगल्या आउटफिटरची वही तोवर पुढच्या वर्षापर्यंत भरलेली असते.