कालव्यातला बास आणि नदीतला बास

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींचं गरवणं कॉम्प्लेक्समागच्या तळ्यावर सुरू होतं. तिथे लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा मिळतो, हात बसतो, मग कुणीतरी सुचवतं की डेलावेअर नदीवर चला. नदीवर दिवसभर गळ टाकून हाताला काही लागत नाही आणि घरी येताना निष्कर्ष निघतो, ‘नदीत मासाच नाही.’ हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येतं. नदीत मासा भरपूर आहे, पण तो बासचाच दुसरा प्रकार, स्मॉलमाउथ आहे. त्याला तळ्यातल्या बाससारखं शोधलं तर तो सापडत नाही.

या दोघांची तुलना करायला नदीकाठच्या स्टॉकटन आणि लँबर्टव्हिल या गावांमधला पट्टा सर्वांत चांगला. १८३४ मध्ये सुरू झालेला डेलावेअर अँड रॅरिटन कालवा आणि खुद्द नदी तिथे समांतर जातात, मध्ये फक्त पायवाट आणि झाडांची रांग. डाव्या हाताला कालवा, पाणी संथ, काठाला गवत, पडलेली झाडं. उजव्या हाताला नदी, पाणी काचेसारखं, तळाचे गोटे दिसतात, उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी गुडघाभरच. कालव्यात प्रामुख्याने लार्जमाउथ, नदीत स्मॉलमाउथ.

ओळख लवकर उरकतो. तोंड मिटलेलं असताना लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जातो, स्मॉलमाउथचा जात नाही. ‘तोंड मिटलेलं असताना’ हे महत्त्वाचं, कारण जबडा वासून काढलेल्या फोटोत प्रत्येक मासा लार्जमाउथच दिसतो आणि लोक बिनदिक्कत तसं लिहितात. पिल्लांमध्ये जबड्याची खूण फसवते, तेव्हा पाठीचा पर पाहा. लार्जमाउथच्या परात मध्ये खोल खाच असते, दोन वेगळे पर वाटावेत इतकी. स्मॉलमाउथची खाच उथळ. अंगावर आडवा काळा पट्टा असेल तर लार्जमाउथ. ब्राँझसारखा रंग आणि उभे फिकट पट्टे असतील तर स्मॉलमाउथ. वसंतात समुद्रातून नदीत चढणारा स्ट्राइप्ड बास या दोघांचा नात्याने कुणीच नाही, त्याचं कुळच वेगळं.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. स्मॉलमाउथ म्हणजे वाढ न झालेला लार्जमाउथ नव्हे. लार्जमाउथ मोठा होतो हे खरं. त्याचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे, १९३२ मध्ये जॉर्जियात नोंदलेला. स्मॉलमाउथचा ११ पौंड १५ औंसांचा, १९५५ चा. पण नदीच्या धारेत वाढलेला फूटभर स्मॉलमाउथ गळाला लागला की दुप्पट वजनाच्या तळ्यातल्या माशापेक्षा जास्त झुंजतो, पाण्याबाहेर उड्या मारतो. मला विचाराल तर मी आयुष्यभर फक्त तोच गरवेन.

हा मासा अटलांटिककडे वाहणाऱ्या या नद्यांचा मूळचा नाही. त्याचं घर ग्रेट लेक्स, ओहायो आणि वरची मिसिसिपी यांच्या खोऱ्यांत. १८५४ मध्ये ओहायो खोऱ्यातले काही बास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून पोटोमॅकच्या खोऱ्यात आणून सोडले गेले, आणि त्याच शतकात डेलावेअरमध्येही स्मॉलमाउथ आला. दगडगोट्यांची, वाहती, स्वच्छ नदी त्याला मानवली.

आता खरा मुद्दा. सगळा घोळ इथे होतो.

लार्जमाउथ आडोशाचा मासा आहे. तो गवतात, बुंध्याखाली, कमळाच्या पानांखाली लपतो आणि भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहतो. म्हणून तळ्यावर आपण आडोसा शोधतो, त्याच्या शक्य तितकं जवळ लुअर, म्हणजे नकली आमिष, टाकतो, थांबतो, हलकेच हलवतो. हीच सवय घेऊन माणूस नदीवर येतो आणि तिथेही सर्वांत तळ्यासारखी दिसणारी जागा निवडतो: काठालगतचं निश्चल पाणी, किंवा मोठ्या खडकामागे गोल फिरणाऱ्या भोवऱ्याचा अगदी मधला भाग. दोन्ही ठिकाणी बहुतेक वेळा काहीच नसतं.

स्मॉलमाउथ धारेच्या कडेचा मासा आहे. वेगवान पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते. फेसाचे ठिपके, वाळकी पानं त्या रेघेवरून सरकत असतात. मासा अंग संथ पाण्यात ठेवतो आणि तोंड धारेकडे. पोहण्याचे कष्ट नाहीत आणि पंगतीत बसलेल्यासमोरून वाढपी जावेत तसं अन्न पुढून वाहत जातं. फक्त संथ पाण्यात अन्न येत नाही, फक्त वेगवान पाण्यात टिकाव धरायला शक्ती जाते. म्हणून ना इकडे ना तिकडे, बरोबर त्या कडेवर. ‘खडकामागे टाक’ असा सल्ला सगळे देतात. तो अर्धवट आहे. खडकाच्या दोन्ही बाजूंनी निघणाऱ्या दोन रेघा खालच्या अंगाला पाहा आणि त्या रेघांवरून लुअर जाऊ द्या. शिवाय खडकाच्या पुढच्या बाजूलाही, जिथे धार आपटून मंदावते, पाण्याची एक छोटी गादी असते. तिथे चांगला मासा बसतो आणि तिकडे फारसं कुणी टाकत नाही.

जागा कळली तरी दुसरी चूक राहते, लुअर कोणत्या दिशेने जातं याची. तळ्यात दिशेला अर्थ नाही, कुठूनही टाका, कुठेही ओढा. नदीत मासा धारेकडे तोंड करून असतो आणि त्याचं खाणं धारेबरोबर खाली येतं. छोटा मासा किंवा क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली चिमुकली शेवंड म्हणा, जोराच्या धारेविरुद्ध सरसर वर जात नाही. पण बहुसंख्य लोक धारेच्या खालच्या दिशेला लुअर टाकतात आणि धारेविरुद्ध ओढत आणतात. लाईन ताणलेली राहते, हाताला काहीतरी चालल्यासारखं वाटतं, म्हणून ते सोपं वाटतं. पाण्याच्या जोराने लुअर तळ सोडून वर उचललं जातं आणि माशाच्या मागून त्याच्या डोक्यावरून निघून जातं.

टाकायचं तिरकं, धारेच्या वरच्या दिशेला आणि थोडं आडवं. लुअर तळाकडे जाऊ द्या, रॉडचं टोक वर धरा, धार जितकी ढील देईल तितकीच रीळवर घ्या. ओढायचं नाही. गोट्यांवरून टकटक करत ते खाली येतं आणि वेगवान पाण्यातून संथ पाण्यात शिरतं त्या क्षणी लाईन थबकते किंवा बाजूला सरकते. झटका जाणवेलच असं नाही. लाईन वेगळी वागली की रॉड उचला. अगदी सरळ वर टाकू नका, कारण मग लाईन माशाच्या पाठीवर पडते आणि नितळ पाण्यात तो क्षणात निघून जातो.

वजनाचा नियम सोपा आहे. दर फेकीला दगडात अडकत असेल तर हलकं करा. एकदाही तळाला न टेकता वाहून जात असेल तर थोडं जड करा. गुडघाभर पाण्यात १/१६ ते १/८ औंसांचा जिगहेड, म्हणजे वजन जोडलेला हुक, पुरतो. तळ्यावरचा अर्धा औंस घरी ठेवा.

लुअरबद्दल माझी मतं ठाम आहेत. हिरवट तपकिरी ट्यूब (मऊ, पोकळ नळीसारखं लुअर) किंवा छोटा नेड रिग (हलक्या जिगहेडवर मऊ आखूड लुअर), त्यावर एकच हुक. क्रेफिश हे स्मॉलमाउथचं आवडतं खाणं आणि ट्यूब तळावर तसाच दिसतो. सहा ते आठ पौंडांचा ताण सोसणारी, पाण्यात कमी दिसणारी फ्लुरोकार्बन लाईन, निदान पुढचे काही फूट तरी. झगमगीत पोपटी रंग गढूळ पाण्यासाठी ठीक, नितळ पाण्यात मला तो पाहवत नाही. तीन-तीन ट्रेबल (तीन टोकांच्या) हुकांची मोठी क्रँकबेट, म्हणजे ओढल्यावर बुडी मारणारी कडक लुअर, या उथळ नदीत आणूच नयेत. दगडात गमावली जातात आणि सोडायच्या माशाचं तोंड फाटतं.

आपण कुठून येतो हाही याच फरकाचा भाग. कालव्याच्या गढूळ पाण्यात काठावर उभं राहून गप्पा मारल्या तरी चालतं. नदीत मासा वरच्या अंगाला तोंड करून असतो, म्हणून खालून वर चालत जायचं, पाय न घासता, सावली पुढे पडू न देता. पांढरा टी-शर्ट नको. पोलराइज्ड चष्म्याशिवाय ती रेघ आणि तळातले खडक दिसणारच नाहीत. आणि उतरताच कमरेपर्यंत पाण्यात शिरून मग लांब फेकणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं, कारण पहाटे चांगला मासा त्यांनी तुडवलेल्या फूटभर पाण्यातच होता.

दिवसाचा क्रम यातूनच ठरतो. पहाटे डोहाच्या खालच्या टोकाला, जिथे पाणी उथळ होत पुढच्या खळाळात उतरतं. ऊन चढलं की डोहाच्या वरच्या तोंडाशी, खळाळ जिथे आत येतो तिथे. तिथे प्राणवायू जास्त आणि फुटलेल्या पाण्यामुळे बगळ्या-गरुडांपासून आडोसा मिळतो. भर दुपारी लोक सावलीतल्या निश्चल कोपऱ्यात टाकत बसतात, ती पुन्हा कालव्याचीच सवय. संध्याकाळी परत उथळ टोकाला, पृष्ठभागावर छोटा पॉपर, म्हणजे तरंगत टपटप आवाज करणारं लुअर. ऑगस्टमध्ये अंधार पडताना पांढऱ्या मेफ्लाय या पाणकिड्यांचे थवे पाण्यावर उतरले तर दुसरं काहीच करू नका, तिथेच थांबा.

वसंतात नर गोट्यांत घरटं करून अंडी-पिल्लं राखतो. त्या काळात न्यू जर्सी आणि नदीपलीकडचं पेनसिल्व्हेनिया दोन्हीकडे बास सोडूनच द्यावा लागतो, नेमक्या तारखा त्या वर्षीच्या नियमांत पाहा. घरट्यावरच्या नराला मुद्दाम गरवणं मला अजिबात पसंत नाही, तो हलला की सनफिश हे छोटे मासे अंडी संपवतात.

नदीची पातळी निघण्यापूर्वी पाहायचीच. बेल्विडिअर, रीगल्सव्हिल, ट्रेंटन इथले गेज, म्हणजे पातळी मोजणारी यंत्रं, ऑनलाइन दिसतात. वरच्या भागात पाऊस झाला तर इथे आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढतं, धारेच्या रेघा बदलतात आणि काल गुडघाभर असलेल्या जागी पाय टिकत नाही. पाण्यात उतरणार असाल तर लाइफ जॅकेट अंगावर हवं, गाडीत ठेवलेलं नव्हे.