बर्फ बघायचा की स्कीइंग शिकायचं? हिवाळी सहलीचं ठिकाण ठरवण्याआधी हे वाचा

दिवाळी आटोपली की आमच्याकडे चौकशीला येणारी बरीच कुटुंबं एकच वाक्य बोलतात, "पोरांना बर्फ दाखवायचा आहे, जमलं तर स्कीइंगही करू." आमच्या मते या वाक्यात दोन वेगळ्या सहली आहेत. त्यातली आपली कोणती, हे घरी आधी ठरवा. हॉटेल, तारखा, खर्च हे सगळं त्यावरूनच ठरतं.

नुसता बर्फच बघायचा असेल तर मनाली पुरते. तिथून सोलंग तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. सोलंगला बर्फ नसला तर अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूकडे जाता येतं. रस्ता उघडा असेल तर तिकडे बर्फ सापडण्याची शक्यता जास्त. मुलं खेळतात, आजी-आजोबा उन्हात बसतात, सगळे खूश. मात्र सोलंगला तासाभरासाठी भाड्याची स्की (बर्फावर घसरायची लांब पट्टी) पायात अडकवून कुणीतरी हात धरून फिरवतो, त्याला शिकणं समजू नका. खरंच शिकायचं असेल तर मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेचे स्कीइंगचे रीतसर कोर्स आहेत, त्यांची चौकशी करा.

शिकायचं म्हणजे बर्फावर किमान चार दिवस द्यायचे. पहिला दिवस बुटांतच जातो. स्कीचा बूट कडक असतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की ती मागे सरकावीत आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. टाच हलत असेल तर बूट मोठा आहे, लगेच बदलून घ्या. भिडस्तपणे तसाच घातला तर दुपारपर्यंत नडग्या सोलून निघतात आणि मूल "मला नको" म्हणून बसतं. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून थांबायला शिकवतात. थांबता आलं की भीती जाते. वळणं त्यानंतर, आणि लिफ्टनं (उतारावरून वर नेणाऱ्या दोरयंत्रानं) वर जाऊन उतरण्याची खरी मजा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये लोक नेमके मजा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी परततात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

म्हणून नवशिक्या कुटुंबाला आम्ही आधी काश्मीरमधलं गुलमर्ग सुचवतो. गाव २,६५० मीटरवर आहे आणि गावालगतच सौम्य उताराचं मैदान व छोट्या लिफ्ट आहेत, त्यामुळे शिकणारे आणि नुसते बघणारे एकमेकांच्या नजरेसमोर राहतात. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत जातो. तो सगळ्यांनी करावा. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर नेतो. आपलं नागपूर तीनशे-सव्वातीनशे मीटरवर. त्यामुळे पोचल्याच्या दिवशीच वर जाऊ नका, आणि हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. वरचा उतार नवशिक्यांचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले होते. वाऱ्यामुळे किंवा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे हा टप्पा बंद ठेवला तर वाद घालू नका, ती आपल्याच जिवाची काळजी आहे. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आणि आधीच काढावी लागतात.

काश्मीरबद्दल लोक काळजीनं विचारतात आणि एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर ते साहजिकच आहे. निर्णय तुमचा. आमचा आग्रह एवढाच की निघण्याआधी सरकारी सूचना बघा आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. मन तयार नसेल तर आम्ही दुसरं ठिकाण सुचवू.

उत्तराखंडातली औली सुंदर आहे. समोर नंदादेवी दिसते आणि गढवाल मंडळ विकास निगमाचे स्कीइंग कोर्सही तिथे चालतात. पण ऋषिकेशहून औलीखालच्या जोशीमठपर्यंत घाटरस्त्याचा पूर्ण दिवस जातो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचू लागलं तेव्हा औलीचा रोपवे बंद झाला, म्हणून वर गाडीनंच जायचं असं धरून चला. तरुण मंडळींना जरूर, लहान बाळ किंवा वयस्कर सोबत असतील तर आम्ही औली सुचवत नाही.

परदेशाचा विचार असेल तर कझाकस्तानात अल्माटी शहराजवळचं शिंबुलाक हे स्कीइंगचं ठिकाण बघा. शहरात राहून रोज वर जाता येतं.

तारखांची खरी अडचण आहे. शाळांच्या सुट्ट्या नाताळात आणि भरवशाचा बर्फ जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. काश्मिरात २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो, चाळीस दिवस कडाक्याचे. पण त्यातही बर्फ पडेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. दहावी-बारावीचं मूल घरात नसेल तर २६ जानेवारीला जोडून चार दिवसांची रजा काढा. नाताळात भाडं चढं आणि बर्फ बेभरवशाचा, दोन्हीकडून नुकसान.

कपडे सगळे विकत घेऊ नका. वरचा कोट आणि पँट तिथे भाड्यानं मिळतात. आत घालायचे थर्मल, लोकरीचे मोजे आणि पाणी आत न जाणारे हातमोजे मात्र स्वतःचे हवेत. आपले तिबेटी स्वेटरवाले लोकरीसाठी उत्तम. जीन्स आणि सुती मोजे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. ताजा बर्फ सूर्याचे सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन लागतंच.

बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातला एक तरी नंबर पोस्टपेड असू द्या. विमा काढताना त्यात स्कीइंग धरलं आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या. बऱ्याच साध्या प्रवास-विम्यांत ते नसतं.

आमच्याकडे येताना प्रत्येकाचं वय, उंची, वजन आणि बुटाचा नंबर लिहून आणा. स्कीची लांबी उंचीवरून ठरते आणि पडल्यावर बूट स्कीपासून किती जोरानं सुटावा, हे वजन बघून लावतात. ही माहिती आधी कळवली तर प्रशिक्षक आणि सामान तुमच्या मापानं तयार राहतं.