दडपशाहीनंतरचे स्मृतिकार्य आणि अभिलेख (मुंबई)

राज्यसंस्थेच्या हातून किंवा तिच्या डोळेझाकीमुळे नागरिकांवर झालेल्या अत्याचारांची कागदपत्रे, साक्षी, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व जागा जपणे, त्यांच्या सूची करणे आणि त्यांच्या आधारे सत्यशोधन, खटले, भरपाई व सार्वजनिक स्मरण घडवणे म्हणजे स्मृतिकार्य. गेल्या चार दशकांत लॅटिन अमेरिका, पूर्व युरोप व दक्षिण आफ्रिका येथील अनुभवांतून या क्षेत्राच्या पद्धती घडल्या आणि देशादेशांत त्यांची देवाणघेवाण होऊ लागली. मुंबईत हे काम या नावाने फारसे ओळखले जात नाही; पण ते चालत आले आहे.

परदेशांतील काही गाजलेल्या उदाहरणांत जुलूम करणाऱ्यांचे दप्तरच लोकांच्या हाती लागले. १५ जानेवारी १९९० रोजी पूर्व बर्लिनमध्ये नागरिक श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेच्या मुख्यालयात शिरले. १९९१ च्या कायद्याने प्रत्येकाला स्वतःची फाइल पाहण्याचा हक्क मिळाला. तेथील कागद ओळीने मांडले तर सुमारे १११ किलोमीटर भरतात. अधिकाऱ्यांनी घाईघाईत फाडलेल्या कागदांची सुमारे १६,००० पोती निघाली, ती वेगळीच. पॅराग्वेत १९९२ मध्ये तर ग्वाटेमालात २००५ मध्ये असेच पोलिसी दप्तर सापडले. ग्वाटेमालातील अधिकारी आले होते साठवलेल्या स्फोटकांची पाहणी करायला. समोर आली ती ओल धरलेली सुमारे ८ कोटी पाने.

अर्जेंटिनात असे घडले नाही. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीने आपले कागद हाती लागू दिले नाहीत. त्यामुळे बेपत्ता झालेल्यांच्या आया, आज्या आणि सुटून आलेले कैदी यांच्या जबान्यांवरच सारी भिस्त राहिली. १९८४ च्या आयोगाने ८,९६१ बेपत्तांची नोंद केली. मानवी हक्क संघटना ३० हजारांचा आकडा सांगतात. ब्वेनोस आयरेसमधील स्मृती उद्यानाच्या भिंतीवर म्हणूनच ३० हजार फरशा आहेत आणि त्यांतील बहुतेक अजून कोऱ्या आहेत. मुंबईची गत बर्लिनपेक्षा ब्वेनोस आयरेसशी जास्त जुळते. इथे सरकारी दप्तर सरकारकडेच राहिले आणि बाहेर उरल्या त्या साक्षी, आयोगांचे अहवाल व न्यायालयांचे निकाल.

शहराचे सर्वांत ठळक स्मृतिस्थळ हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ जमलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. जानेवारी १९५६ मध्ये तर शहरभर गोळ्या चालल्या. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक पुढे तिथे उभे राहिले. हुतात्म्यांचा आकडा मात्र कुठे १०५, कुठे १०६, तर कुठे १०७ असा सांगितला जातो. दरवर्षी हार चढतात, पण गोळीबाराचे हुकूम कसे सुटले हा प्रश्न त्या दिवशी क्वचितच निघतो. राज्य मिळाले, आणि विजयाच्या आठवणीत जाबसाल विरून गेला.

आणीबाणीची (१९७५-७७) कथा उलटी आहे. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने १९७८ मध्ये तीन अहवाल दिले. मिसा (खटल्याविना स्थानबद्ध करू देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा) आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून देशभरात सुमारे १ लाख १० हजार लोक अटकेत होते, हे त्यांवरून कळते. पुढे या अहवालाच्या प्रती इतक्या दुर्मीळ झाल्या, की माजी खासदार एरा सेळियन यांनी आपल्याजवळची प्रत २०१० मध्ये पुन्हा छापली. मुंबईपुरता मोलाचा कागद म्हणजे ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचे संपादक मिनू मसानी यांच्या खटल्यातील उच्च न्यायालयाचा १९७६ चा निकाल. त्या मासिकातील ११ मजकुरांवर सेन्सॉरने घातलेली बंदी न्यायालयाने ऐन आणीबाणीत उठवली. सेन्सॉरने नेमके काय खोडले, हे त्यामुळे न्यायालयीन नोंदीत कायमचे राहिले. राज्य सरकारने २०१८ मध्ये आणीबाणीतील बंदिवानांना मानधन सुरू केले, २०२० मध्ये बंद केले आणि २०२२ मध्ये पुन्हा चालू केले. सरकार बदलले की स्मृतीही बदलते, एवढे यातून दिसते.

१९९२-९३ ची दंगल सरळ अर्थाने सरकारी दडपशाही नव्हे. पण तिची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबानुसार ९०० मृतांपैकी ३५६ पोलीस गोळीबारात गेले, त्यामुळे ती या नोंदीबाहेर ठेवता येत नाही. आयोग १९९६ मध्ये गुंडाळला गेला, काही महिन्यांतच पुन्हा नेमला गेला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली एक बाब इथे महत्त्वाची: १६८ बेपत्तांपैकी १०८ जणांच्या वारसांना भरपाई पोहोचलीच नव्हती, कारण वारसांचा पत्ता लागत नव्हता. न्यायालयाने शोधासाठी समिती नेमली. दंगलीत झोपडी जळाली, कुटुंब दुसरीकडे गेले आणि कागदावर मात्र जुनाच पत्ता राहिला, की भरपाई अडते. अर्जेंटिनाने बेपत्तांच्या हिरावलेल्या मुलांचा माग काढण्यासाठी १९८७ मध्ये जनुकीय माहितीची राष्ट्रीय पेढी उभारली. अशा शोधाला नोंदवह्यांइतकेच यंत्रणेचे सातत्यही लागते.

प्रत्यक्ष देवाणघेवाणीचे मुंबईतील चांगले उदाहरण म्हणजे २००८ मध्ये खुले झालेले ‘पॅड.मा’ हे दृक्‌श्राव्य संग्रहस्थळ. मुंबईतील कॅम्प, मजलिस व पॉइंट ऑफ व्ह्यू, बंगळुरूचा ऑल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनचा ऑइल २१ यांनी ते मिळून उभे केले. तयार माहितीपटापेक्षा न कापलेले चित्रण इथे महत्त्वाचे. त्यातल्या सेकंदासेकंदाला टिपणे, प्रतिलेख व नकाशे जोडता येतात. संपादनात गळालेला पोलीस, गल्ली किंवा आवाज नंतर कुणालाही शोधता यावा, हा त्यामागचा व्यवहारी विचार. २०१० मध्ये हा गट बेरूतला गेला. लेबनॉनमध्ये यादवीनंतर १९९१ च्या माफी कायद्याने गुन्ह्यांवर पडदा टाकला होता. सरकारी अभिलेखाची वाट न पाहता आपणच जमवत राहायचे, हे दोन्ही शहरांना सारखेच लागू होते. स्त्रियांच्या मौखिक इतिहासाचे काम करणारी ‘स्पॅरो’ ही संस्था मुंबईत १९८८ पासून याच वाटेने चालली आहे.

अडचणी मात्र इथल्याच आहेत. साक्ष देणारी बाई त्याच वस्तीत राहते. चेहरा झाकला तरी शेजारी आवाजावरून ओळखतात, म्हणून संमती एकदाच घेऊन भागत नाही. १८२१ पासूनचे राज्य पुराभिलेखागार काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे कंपनी सरकारच्या काळातले कागद मिळतात, अलीकडच्या पोलीस फायलींसाठी मात्र माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. त्या कायद्याच्या कलम ८(३) नुसार २० वर्षांहून जुनी माहिती, काही अपवाद सोडता, द्यावी लागते. १९९३ च्या बाबतीत ही मुदत २०१३ मध्येच संपली.