दम लागला म्हणून कॉमा नाही

"इंग्रजी लिहिताना जिथं श्वास घ्यावासा वाटेल तिथं कॉमा द्यावा," हा सल्ला आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावांत पोरं कधीपासून ऐकत आली. आता तो फोनवरही फिरतो. तो अगदी निराधार नाही. इ.स.पू. 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियात ग्रीक मजकुरात ठिपके दिले गेले, ते मोठ्यानं वाचणाऱ्यानं कुठं थांबायचं हे सांगायलाच. पण आजच्या इंग्रजीत कॉमा ठरतो तो मुख्यतः वाक्याच्या रचनेवरून.

हे वाक्य म्हणून पाहा: 'द बॉय हू कम्स फ्रॉम आर्वी बाय द फर्स्ट बस इज माय कझिन.' 'बस'पाशी दम लागतो, तरी तिथं कॉमा नाही. क्रियापदाला विचारा, कोण? 'इज'च्या आधीचं सगळंच उत्तरात येतं, म्हणजे तो अख्खा कर्ता. कर्ता आणि क्रियापद यांच्यात एकटा कॉमा घालत नाहीत. उलट 'यस, सर' म्हणताना आपण थांबतही नाही, पण 'सर' हे संबोधन, म्हणून कॉमा लागतो.

रजेच्या अर्जांत मला नेहमी दिसतं ते असं: 'आय वॉज इल, आय कुड नॉट कम.' इथं नुसता कॉमा पुरत नाही. दोन्ही तुकडे वेगळे वाचा. एकेकटे पूर्ण वाटतात ना? मग मध्ये फुलस्टॉप द्या, किंवा कॉमापुढे 'सो' जोडा.

पटत नसेल तर इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातला एक उतारा कॉमे गाळून वहीत उतरवा, दोघांना वाचायला लावा, जिथं दम घेतील तिथं खूण करा आणि पुस्तकाशी ताडून पाहा.