वर्कहाउस ते इस्पितळ : फोटो-सहलीला निघण्यापूर्वी

इंग्लंडमधली कितीतरी इस्पितळं आधी वर्कहाउस, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणारी घरं होती. अशा बंद पडलेल्या इस्पितळांत कॅमेरा घेऊन हिंडायची हौस असलेल्यांसाठी आम्ही छोट्या सहली काढतो. बुकिंगच्या वेळी हमखास विचारलं जातं, “आत शिरायचं कसं?” दारातून, आणि मालकाच्या लेखी परवानगीनं! तिथं परक्याच्या जागेत नुसतं शिरणं हा सहसा दिवाणी मामला असतो, हे खरं. पण कुलूप तोडलं किंवा खिडकीची फळी उचकटली की प्रकरण फौजदारीत जातं. कुंपणावरून उड्या मारायच्या असतील तर कृपया आमच्याकडे येऊ नका.

इमारत काय आहे

गरिबांच्या मदतीसाठीच्या १८३४च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समधली गावं एकत्र करून ‘युनियन’ केल्या आणि युनियनमागं एक वर्कहाउस आलं. मदत हवी तर आत या, आणि आतलं जिणं मुद्दाम इतकं कष्टाचं ठेवायचं की नाइलाज झाल्याशिवाय कुणी फिरकू नये, असा हिशेब. नवरा, बायको, मुलं दारातच वेगळी व्हायची. १९३० साली हा कारभार कौंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे गेला, ५ जुलै १९४८ला एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आली आणि यांतल्या कितीतरी वास्तूंवर इस्पितळाची पाटी लागली. पाटी बदलली तरी धास्ती गेली नाही; म्हातारी माणसं तिथं भरती व्हायला बिचकायची.

भारतातून गेलेल्या बऱ्याच डॉक्टरांना त्या काळी वृद्धांच्या विभागातच नोकऱ्या मिळाल्या, कारण तिथं जायला स्थानिक डॉक्टर फारसे राजी नसत. तुमच्या घरातले कुणी काका-मामा तेव्हा तिकडे असतील तर इस्पितळाचं नाव आधी कळवा. परवानगी मिळते का, पाहतो.

काय टिपाल

गंजलेली खाट सगळेच टिपतात. आम्ही सांगू, वर बघा. इस्पितळाच्या काळातल्या फॉल्स सीलिंगचा एखादा चौकोन निखळलेला असतो आणि त्या भोकातून मूळ छताच्या लाकडी कैच्या दिसतात. ट्यूबलाइट, पडद्याचा वळणदार रूळ आणि त्यांच्यामागं शंभर-दीडशे वर्षांचं लाकूड, सगळं एका फ्रेममध्ये! तसंच खिडक्यांचं. १८६०नंतरच्या आजारी-विभागांत लांबलचक वॉर्ड आणि दोन्ही भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या असतात, हवा आरपार जावी म्हणून. विटांच्या रंगात अचानक फरक दिसला तर थांबा. तिथं बहुधा एखादी कमान किंवा खिडकी बुजवलेली असते.

कॅमेरा

खिडकी लख्ख, खोली काळोखी, हीच खरी अडचण. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ आणि उजेडाच्या दोन-दोन स्टॉपच्या फरकानं तीन किंवा पाच फ्रेम. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच) काढा. लेन्स १६ ते २४ मिमी पुरते, पण कॅमेरा वर-खाली झुकला की भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात. नंतर त्या फ्रेम एकत्र करताना एचडीआरचा रंग बेतानं. नाहीतर वॉर्डाचा लग्नाचा हॉल होतो.

व्हीलचेअर ओढून खिडकीच्या उजेडात ठेवू नका. वस्तू जिथं आहे तिथंच राहील. केसपेपर किंवा एक्स-रे सापडले तर त्यावरचं नाव फोटोत नको.

जिवाला जपा

जुन्या पाइपांवरच्या वेष्टनात फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९मध्येच आली. म्हणून बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क सक्तीचा, आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही हे ध्यानात घ्या. कबुतरांची विष्ठा तुडवू नका. लाकडी जमिनीवर आमच्या माणसाच्या मागूनच चाला. जाड तळाचे बूट हवेतच.

पडक्या जागेची भीती वाटत असेल तर

नॉटिंगहॅमशायरमधलं साउथवेलचं वर्कहाउस (१८२४) नॅशनल ट्रस्टनं जपलंय. लीड्सचं थॅकरे म्युझियम जुन्या वर्कहाउसच्या इमारतीतच आहे. ती पुढं सेंट जेम्स इस्पितळाचा भाग होती. आमचा कल मात्र गिल्डफर्डच्या ‘स्पाइक’कडे. तिथं रात्रीच्या आसऱ्याला येणाऱ्या भटक्यांच्या कोठड्या आहेत. सकाळी दगड फोडायचे आणि भिंतीतल्या लोखंडी जाळीतून बाहेर टाकायचे; जाळीच्या भोकातून न जाणारा दगड पुन्हा फोडायचा. ती जाळी अजून जागेवर आहे. बाजूनं येणाऱ्या उजेडात तिच्या कडा छान उठून दिसतात.

पावसात सहल होते. सोसाट्याचा वारा असेल तर पडक्या भागात नेत नाही; त्या दिवसाचे पैसे परत.